बँकेचा माणसे तोलण्याचा काटा जप्त करणेबाबत

दिनांक : ९ ऑक्टोबर

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
वजने व मापे तपासणी कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद, जिन्याने).

विषय : एका बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागात वापरात असलेला, एकाच माणसाचे एकाच आठवड्यात तीन निरनिराळी वजने दाखवणारा काटा तपासून जप्त करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दिनांक ११ सप्टेंबरचा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दिनांक २९ सप्टेंबरचे एका ओळीचे उत्तर : ‘सदर काटा शुल्कासह कार्यालयात समक्ष सादर करावा.’

महोदय,

संदर्भ दोनमधील आपले उत्तर अर्जदाराने तीनदा वाचले. प्रत्येक गोष्ट तीनदा करण्याची त्याला सवय आहे आणि या प्रकरणाचे मूळ त्या सवयीतच आहे, ते पुढे येईलच. उत्तराचा मान राखून दिनांक १ ऑक्टोबर रोजी अर्जदार अर्धा दिवस दुकान बंद ठेवून, गोणपाट व दोरी घेऊन, काटा आणण्यासाठी बँकेत गेला. काटा मिळाला नाही. का मिळाला नाही, याचा खुलासा खालीलप्रमाणे.

१. अर्जदार एकतीस वर्षे वजनकाटे दुरुस्त करतो. या भागातल्या किराणा, भाजी, भंगार आणि सोन्याच्या दुकानांतले काटे आधी त्याच्या जिन्याखालच्या दुकानात येतात आणि मग आपल्या टेबलावर शिक्क्यासाठी जातात. गेल्या वर्षी आपण कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचा काटा वीस ग्रॅमच्या फरकासाठी उचलून नेलात. मावशी म्हणाल्या, ‘साहेब, वीस ग्रॅम म्हणजे चार मिरच्या हो, एवढ्यासाठी काटा नेता?’ त्यावर आपण म्हणालात, ‘मावशी, काटा सगळ्यांना सारखा पाहिजे. नाहीतर तो काटा नाही, हातचलाखी आहे.’ हे वाक्य अर्जदाराने पाटीवर लिहून दुकानात टांगले आहे. गिऱ्हाईक वाचते आणि मान डोलावते. बँकेने अद्याप वाचलेले नाही.

२. अर्जदाराची एकुलती मुलगी लग्नानंतर समुद्रापलीकडे राहते. तिचे पहिले बाळंतपण सप्टेंबरअखेर होते. फोनवर ती म्हणाली, ‘बाबा, आईला एकटीला पाठवू नका, तुम्हीही या. आई स्वयंपाक बघेल, तुम्ही बाळ धरा. तुमचा हात हलत नाही.’ एकतीस वर्षांत अर्जदाराच्या कामाचे इतके नेमके प्रमाणपत्र कोणी दिलेले नाही, आपल्या कार्यालयानेही नाही.

तिकिटांचा प्रश्न चालू असताना बँकेची जाहिरात आली : ‘नवीन कार्डावर एक लाखापर्यंत स्वागत गुण. ऑफर खास तुमच्यासाठी.’ सदर गुण विमानाच्या तिकिटाला चालतात. परतीच्या एका तिकिटाला चाळीस हजार गुण. लाख मिळाले तर नवराबायको दोघेही जाऊन येणार आणि वर वीस हजार शिल्लक राहणार, असा साधा हिशेब होता. ‘पर्यंत’ हा शब्द जाहिरातीत मुंगीच्या आकाराचा होता. अर्जदार नाजूक काट्यांचे काम भिंग लावून करतो. जाहिरात मात्र त्याने भिंगाशिवाय वाचली.

३. ही ‘खास तुमच्यासाठी’ ऑफर चालते कशी, हे आपल्या माहितीसाठी. लाखाचा आकडा सर्वांना दाखवतात, पण तुम्हाला किती मिळणार हे अर्ज करण्याआधी कोणी सांगत नाही. आधी जन्मतारीख, मिळकत, घर स्वतःचे की भाड्याचे, धंदा कोणता, हे सगळे द्यायचे. मग बँक तुमचा कर्जाचा इतिहास चाळते, तुम्ही पुढे किती खर्च कराल याचा अंदाज बांधते, अर्ज मंजूर करते आणि त्यानंतरच पडद्यावर तुमचा आकडा उमटवते. पटला तर ‘स्वीकारा’ दाबायचे, नाही पटला तर ‘नको’. नको म्हटल्यास कार्ड येत नाही आणि, बँकेच्या शब्दांत, तुमच्या नावाला ओरखडाही पडत नाही. स्वीकारल्यावरही गुण लगेच मिळत नाहीत, तीन महिन्यांत ठरलेला खर्च त्या कार्डावर करून दाखवावा लागतो. थोडक्यात, भाव विचारायला दुकानात शिरायचे, अंगावरचे कपडे उतरवून उभे राहायचे, आणि मग दुकानदार आपल्याला आपादमस्तक न्याहाळून भाव सांगणार. असा धंदा भाजीवाल्या मावशींनी केला असता तर आपण काट्याबरोबर मावशींनाही नेले असते.

४. अर्जदाराच्या मेहुण्याला पूर्ण लाखाची ऑफर आली. सदर मेहुण्याने अर्जदाराची शिडी चार वर्षांपूर्वी ‘उद्या आणून देतो’ म्हणून नेली, ती अजून त्याच्या अंगणात उभी आहे. तीन धंदे काढून तिन्ही बुडवले, प्रत्येक वेळी हप्ते थकवले आणि दंडासह भरले. तो म्हणाला, ‘दाजी, बँकेला माणसाची पारख असते.’ अर्जदाराने शिडीचा विषय काढला नाही.

जून महिन्यात अर्जदाराच्या पत्नीने अर्ज केला. ती शाळांचे गणवेश शिवते. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तिने फोन हातात घेतला, बेचाळीस हजारांचा आकडा बघितला आणि बोटातले अंगुस्तान न काढताच ‘स्वीकारा’ दाबले. गणवेशाचे कापड त्या कार्डावर घेतले, ठरलेला खर्च झाला, ऑगस्टमध्ये गुण जमा झाले. ती म्हणाली, ‘माझं तिकीट झालं. आता तुम्ही दाबा.’ पत्नीचे गुण खरोखर जमा होतात का, हे पाहिल्याशिवाय दाबायचे नाही, असे अर्जदाराने ठरवले होते. ते पाहून झाले होते.

५. दिनांक ३ सप्टेंबर. अर्जदाराने सार्वजनिक वाचनालयातील संगणकावर अर्ज केला. अर्ज मंजूर. आकडा : पंचेचाळीस हजार. अर्जदाराला चाळीसच हवे होते.

येथे अर्जदाराने जे केले ते काटेदुरुस्तीच्या धंद्यातला कोणताही माणूस करील. काट्यावर एकदा आलेला आकडा म्हणजे आकडा नव्हे, नुसता अंदाज. वजन तीनदा करायचे, आणि प्रत्येक वेळी आधी पारडे रिकामे करायचे. अर्जदाराने पंचेचाळीस हा आकडा वहीत लिहिला आणि पारडे रिकामे करण्यासाठी ‘नको’ दाबले.

दिनांक ५. स्वतःच्या फोनवरून दुसरे वजन : तीस हजार.

दिनांक ८. पत्नीच्या फोनवरून तिसरे वजन : अठरा हजार.

माणूस तोच, जन्मतारीख तीच, दुकान तेच. पाच दिवसांत अर्जदाराने असे कोणतेही कृत्य केले नाही की ज्यामुळे त्याची किंमत निम्म्याहून खाली यावी. या काळात त्याने दोन सोनाराचे आणि एक भंगारवाल्याचा असे तीन काटे दुरुस्त केले, इतकेच. तो धावत पुन्हा वाचनालयात गेला. तेथे त्याच संगणकावर उत्तर आले : ‘आपली खास ऑफर तयार आहे : अठरा हजार. मुदत २० ऑक्टोबर.’ मागच्या दोन आकड्यांचा पत्ता नाही.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, ‘पंचेचाळीस दिसले तेव्हा बोट काय मोडलं होतं?’ सदर प्रश्न नोंदीवर असावा, इतकीच विनंती.

६. बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीला अर्जदाराने वही दाखवली. ती म्हणाली, ‘काका, ऑफर पर्सनल असते. प्रत्येकाची वेगळी.’ माणूस एकच आहे, हे निदर्शनास आणून दिले असता ती म्हणाली, ‘सिस्टीम काढते काका, आमच्या हातात काही नसतं.’ सिस्टीम कुठे ठेवली आहे, असे विचारता ती म्हणाली, ‘ती अशी कुठे ठेवलेली नसते.’ आणि मग हळूच, जरा आपुलकीने, ‘तुम्ही घेऊन टाकायचं ना हो पहिल्यांदाच.’ म्हणजे पत्नीने विचारले तेच.

शाखा व्यवस्थापकांनी चहा मागवला नाही, पण खुर्ची दिली. ते म्हणाले, ‘तुम्ही आयुष्यात कर्जच घेतलं नाही. मग तुमचं वजन करायचं कशावर? तुमच्या मेहुण्यांचं बघा, त्यांचं येणंजाणं आहे.’ अर्जदाराच्या अल्पमतीला जे समजले ते असे : ज्याने कोणाचे काही बुडवले नाही तो हलका, ज्याने बुडवता बुडवता दंड भरला तो जड. दंड हेच बँकेचे प्रमाणित वजन. हा काटा बिघडलेला नाही, साहेब. बिघडलेला काटा कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. हा नेहमी बँकेकडेच झुकतो. अशा काट्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते आपणास ठाऊक आहे, आणि आपल्या पंचनाम्यांत ते छापील असते.

७. दिनांक १ रोजी गोणपाट घेऊन गेलेल्या अर्जदाराला दारावरच्या रखवालदाराने अडवले. ‘काय न्यायचंय?’ ‘काटा.’ ‘इथे काटा नाही. वजन करायचं तर औषधाच्या दुकानाबाहेर मशीन आहे, नाणं टाका.’ सबब काटा समक्ष सादर करता आला नाही.

दिनांक ३ ऑक्टोबर रोजी अर्जदार आपल्या कार्यालयात हात हलवत आला. आपल्या लिपिकांनी विचारले, ‘काटा कुठाय?’ आणता आला नाही, असे सांगितले. ‘मग वजन तरी आणलंय का? वजनाशिवाय काटा कसा तपासणार?’ अर्जदार म्हणाला, ‘मी आहे की. मलाच तर तोललंय.’ लिपिकांनी अर्जदाराला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाले, ‘तुमच्यावर शिक्का कुठे मारायचा?’ हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, आणि त्याचा विचार खालील विनंतीत केला आहे.

८. त्याआधीच, दिनांक २० सप्टेंबर रोजी पत्नी एकटी निघाली. येणाऱ्या बाळासाठी अर्जदाराने स्वतःच्या हाताने पितळी पारड्याचा, पाच ग्रॅमपर्यंत अचूक असा बाळ तोलण्याचा काटा केला होता. तो बॅगेत, साड्यांच्या घडीत ठेवला. बॅग दुकानातल्या काट्यावर तीनदा तोलली : बावीस किलो नऊशे. मर्यादा तेवीस. विमानतळावरचा काटा म्हणाला, तेवीस किलो चारशे. तिथली मुलगी म्हणाली, ‘अर्धा किलो काढा.’ अर्जदाराने वाकून त्या काट्यावरचा शिक्का पाहिला. त्याची मुदत संपून दोन वर्षे झाली होती. हे त्याने मोठ्याने वाचून दाखवताच मागच्या रांगेतून ‘अहो आजोबा, चला पुढे’ असे आवाज आले, आणि पत्नी म्हणाली, ‘आता इथे तपासणी नको. मला जाऊ दे.’ मग जे हाताला लागले ते काढले. तो बाळाचा काटा होता. तो मांडीवर घेऊन अर्जदार बसने घरी आला.

९. तरी विनंती अशी :

(अ) बँकेच्या काट्याला पारडे नाही, काटा नाही आणि जागाही नाही, ही सबब न ऐकता त्याला आपल्या खात्याचा कायदा लावावा. मावशींना ही सवलत नव्हती.

(ब) तोपर्यंत बँकेने स्वतःच दाखवलेले पहिले वजन, म्हणजे पंचेचाळीस हजार, कायम धरण्याचा आदेश व्हावा. गिऱ्हाइकाने पारडे रिकामे केले म्हणून आधी दाखवलेले वजन खोटे ठरत नाही.

(क) ते शक्य नसल्यास अर्जदारास प्रमाणित वजन म्हणून तपासून शिक्का मारून द्यावा. जागा आपण सुचवाल ती. तो शिक्का दाखवून अर्जदार बँकेच्या दारात उभा राहील आणि रखवालदाराशी बोलून घेईल.

(ड) विमानतळावरील काट्याबाबत स्वतंत्र अर्ज येत आहे.

निर्णय २० ऑक्टोबरपूर्वी व्हावा. आता स्वीकारले तर नोव्हेंबरअखेर गुण येतील. पत्नी वीस डिसेंबरला परत येते. त्या दरम्यान कोणीतरी बाळ धरायला हवे आहे.

जाता जाता एक बाब, जिच्यावर कोणतीही कारवाई अपेक्षित नाही. दिनांक २७ सप्टेंबर रोजी पहाटे पत्नीचा फोन आला. ‘मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. दोन किलो नऊशे. नाक तुमचं.’ कोणत्या काट्यावर, त्याचा शिक्का कधीचा, दुपट्यासकट की दुपट्याविना, पारडे आधी रिकामे केले होते का, एकदा तोलले की तीनदा, यातले अर्जदाराने काहीही विचारले नाही. सदर आकडा त्याने काटा न पाहता, पहिल्याच वेळी स्वीकारला आहे.

इतर सर्व आकड्यांबाबत तक्रार कायम.

आपल्या शिक्क्यावर एकतीस वर्षे विश्वास ठेवून असलेला,

(सही)
परवानाधारक काटेदुरुस्तीवाला,
टपाल कार्यालयासमोर, जिन्याखाली.

सोबत :
१) वहीच्या पानाची प्रत (पंचेचाळीस, तीस, अठरा).
२) आपल्या उत्तराची प्रत.
३) दुकानातली पाटी, आपल्याच वाक्याची. काम झाल्यावर परत मिळावी.
४) गोणपाट व दोरी, एक नग, न वापरता परत आणलेले.
५) बाळ तोलण्याचा काटा, एक नग. तपासून, शिक्का मारून परत मिळावा. अद्याप वापरलेला नाही.