लाल खडूची मिनिटं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. इथे आम्ही चौघं आहोत. ‘खुशाल’ हा शब्द आज माझ्या पेनातून उतरत नाही, तो तू मनाने घालून घे.

तुला पाळणाघरातल्या फळ्याबद्दल मी आजवर लिहिलं नव्हतं, कारण लाज वाटायची. दारातून आत शिरलं की समोरच तो आहे. त्यावर बारा आयांची यादी, आणि प्रत्येकीपुढे काल मुलांना न्यायला ती किती मिनिटं उशिरा आली तो आकडा, लाल खडूने. पाळणाघर साडेपाचला बंद होतं आणि आमची प्रयोगशाळा सव्वापाचला सुटते. बस वेळेवर आली तर माझ्यापुढे सतरा लागतात, नाही आली तर तीस. आक्का आकडे शिकली ती या फळ्यावर. शाळेत त्यांचे अजून दहापर्यंतच झालेत, पण हिला सतरा लिहिता येतो. पाच वर्षांच्या मुलीचं कौतुक करावं की तोंड लपवावं, मला कळेना.

इतकं मी सोसलं असतं. पण काल पालकांच्या सभेत पाळणाघराच्या बाईंनी गोटूच्या पोटाचा विषय काढला. दर पंधरवड्याला त्याला जुलाब होतात हे तुला माहीत आहेच. अडीच वर्षांचा मुलगा, आणि वजन सहा महिन्यांपूर्वी होतं त्याहून कमी. बाई सर्वांसमोर म्हणाल्या की काही आया पदव्या घेतात, दिवसभर गावाचं पाणी तपासतात, पण पोराच्या डब्याला आणि स्वतःच्या हातांना साबण लागतो हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. अकरा आयांनी माझ्या हातांकडे बघितलं. ताई, मीसुद्धा बघितलं. दिवसातून चाळीस वेळा धुऊन सालं निघालेले हात आहेत ते.

मी काही बोलले नाही. घरी येऊन गोटूला न्हाऊ घातलं, त्याच्या बरगड्या हाताला लागल्या, आणि मी ठरवलं. त्याच फळ्यावर, त्याच खडूने, या बाईंच्या नावापुढे मी काहीतरी लिहीन. काय ते अजून ठरलेलं नाही.

हे परवा ट्रक घेऊन गेलेत, शनिवारी येतील. गोटू रोज सकाळी माझी एक चप्पल बादलीखाली लपवतो, म्हणजे मी जाणार नाही असा त्याचा हिशेब आहे. मी रोज ती शोधल्याचं नाटक करते आणि त्यात माझी चार मिनिटं जातात. ती कुठल्या फळ्यावर लिहायची?

लोभ असू दे, आणि थोडा राग माझ्या बाजूने असू दे.

तुझी,
धाकटी


७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. पत्र इस्त्रीच्या टेबलावर वाचलं आणि एका साहेबाच्या शर्टाची बाही पिवळी झाली. तो डाग तुझ्या घड्याळबाईच्या नावावर.

तू गप्प बसलीस हे वाचून मला तुझाच राग आला. मी असते तर त्या फळ्याचा पाट करून त्यावर बसले असते. लहानपणी शेजारच्या मुलीने तुझी पाटी फोडली तेव्हाही तू गप्प, आणि तिच्या झिंज्या उपटायला मी. आता मी तुझ्यापासून सात तासांवर आहे, तेव्हा उपटण्याचं काम तुलाच शिकावं लागेल.

त्या बाईचे कपडे कुठे धुवायला जातात तेवढं कळव. लाँड्रीवाल्यांची एकमेकांत ओळख असते. एका चांगल्या साडीवर इस्त्रीचा छाप पाडणं काही अवघड नाही.

चेष्टा बाजूला. पोराला जप. तू शिकावंस म्हणून मी आठवीत पाटी खाली ठेवली, ती तू असल्या बाईचं ऐकून घ्यावंस म्हणून नाही. मनाला लावून घेऊ नकोस, डोक्यात ठेव.

आक्काला मुका, गोटूला दोन, आणि तुला चिमटा.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझा चिमटा पोचला. साडीचा बेत रद्द कर, कारण परवा ती बाई आपल्या पायांनी माझ्या टेबलापर्यंत आली. म्हणजे तिची बाटली आली. शाळा, पाळणाघरं, खाणावळी, सर्वांना सहा महिन्यांनी पिण्याचं पाणी आमच्याकडून तपासून घ्यावं लागतं. चिठ्ठीवर पाळणाघराचं नाव वाचलं आणि मला इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्या मदतनीस बाईंनी मला बढती मिळाली का विचारलं.

पाणी जांभळं औषध असलेल्या काचेच्या नळ्यांत घालून उबदार कपाटात ठेवतात. दोन दिवसांत नळी पिवळी झाली तर पाणी वाईट. ते दोन दिवस मी लग्नाआधीही कुणाची अशी वाट पाहिली नव्हती. आज सकाळी कपाट उघडलं. पाचही नळ्या जशाच्या तशा. पाणी स्वच्छ. आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ पाणी बघून मला रडू आलं.

म्हणजे दोष माझ्याच डब्याचा का? आज मी गोटूचा डबा तीनदा उकळला. तो शेजारी बसून झाकणाची टोपी घालून मला हसवत होता.

लोभ कमी करू नकोस, सध्या तोच एक पुरवठा सुरळीत आहे.

तुझी,
धाकटी


१६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. अगं शहाणे, पेन तुझ्या हातात, कागद तुझ्यापुढे, मग एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कोण बघायला येतंय? तू करणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी लिहिलं, नाहीतर मला झोप लागली नसती.

आता माझं एक ऐक. मागे तू इथे आलीस तेव्हा तुमच्याकडच्या पाण्याने कपड्यांवर पांढरे डाग पडतात म्हणून रडगाणं गात होतीस. तुझ्या किटलीत तो चुन्यासारखा थर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. मग घड्याळबाईच्या बाटलीतल्या पाण्यात तो चुना होता का? आमच्या वाफेच्या इस्त्रीला नळाचं पाणी चालत नाही, विकतचं घालावं लागतं. मला पाण्यातलं एवढंच कळतं.

दुसरं, बाकीच्या पोरांची पोटं कशी आहेत? अकरा जणींनी तुझे हात बघितले, तू त्यांना एक प्रश्न विचारलास का?

उत्तर लवकर धाड. मी इथे इस्त्री तापवून बसले आहे.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आणि हा नमस्कार वाकून केलेला समज. पदवी मी घेतली, पाणी तू ओळखलंस.

तुझं पत्र वाचून कागद पुन्हा काढले. क्षारांच्या रकान्यात जवळजवळ काही नाही. आकडा मीच लिहिला होता आणि नळ्यांच्या नादात त्याकडे बघितलंच नाही. या भागात असं पाणी कुठल्याच नळाला नाही, ते फक्त विकतच्या बाटलीत असतं. आणि आयांना विचारलं तर बाराजणींपैकी सातजणींच्या मुलांची पोटं बिघडलेली. प्रत्येकीला वाटत होतं आपलाच डबा.

मी सरळ साहेबांकडे गेले. आधी त्यांना सांगितलं की या बाईंवर माझा राग आहे, तेव्हा माझ्या एकटीच्या सहीवर विश्वास ठेवू नका. साहेब चष्मा पुसत म्हणाले की राग असलेला माणूस नीट बघतो, पण नळ्या ते स्वतः बघतील.

मग आम्ही दोघं पांढरे कोट घालून पाळणाघरात गेलो. बाईंनी सवयीने घड्याळाकडे बघितलं. मी मुलांच्या नळाचं तोंड, बाहेरचे जंतू मरावेत म्हणून, ज्योतीने भाजलं, बाटली भरली, सील केली. गच्चीवरची टाकी बघितली तर झाकण फुटलेलं आणि आत कबुतराची पिसं. बाईंच्या खोलीत मात्र विकतच्या पाण्याचा मोठा जार होता.

पाचही नळ्या पिवळ्या झाल्या. लिंबासारख्या पिवळ्या. ताई, इतका सुंदर रंग मी पाहिला नाही. साहेबांनी सही केली आणि स्वच्छ नमुना येईपर्यंत पाळणाघर बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. तो डकवायला मी गेले. सगळ्या आया दारात होत्या. बाईंकडे मी तो लाल खडू मागितला. त्यांनी दिला. यादीच्या खाली लिहिलं: पाळणाघराच्या बाई, पाणी पिण्यास अयोग्य. मग हात झटकले, सगळ्यांना दिसतील असे, आणि खडू कोटाच्या खिशात टाकून घरी आले. परत केला नाही.

काही आया माझ्यावरच चिडल्या आहेत, मुलं ठेवायची कुठे म्हणून. माझी दोघं शेजारच्या शिंपीणकाकूंकडे असतात. उकळलेल्या पाण्यावर गोटूचं पोट चार दिवसांत ताळ्यावर आलं. काल त्याने जेवण संपवून माझ्या ताटात हात घातला. मी त्याला घालू दिला आणि स्वतः उपाशी उठले, इतकी खूश होते.

लोभाचं काय सांगू, तो तुझ्या इस्त्रीइतका गरम असू दे.

तुझी,
धाकटी


२८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक पिवळ्या रंगाचा. पत्र मी लाँड्रीतल्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. कबुतराच्या पिसांपाशी त्यांनी इस्त्र्या खाली ठेवल्या.

पण माझं एवढ्यावर भागलं नाही. पाणी वाईट ठरलं, तू चांगली ठरलीस, पण तिला तुझ्या दारात थांबावं लागलं का? घड्याळ बघत थांबणं काय असतं ते तिला कळू दे. संधी आली तर सोडू नकोस, तुला माझी शपथ.

तुझी,
ताई


६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. संधी आली आणि मी सोडली नाही.

बाईंनी टाकी धुऊन घेतली, झाकण बसवलं, आणि काल नवा नमुना घेऊन आल्या. नियम असा की पाणी भरल्यापासून सहा तासांत बाटली आमच्याकडे यायला हवी. बाटली आमच्या माणसाने भरून त्यांच्याकडे दिली होती आणि चिठ्ठीवर सकाळी अकराची वेळ घातली होती. बाई टेबलासमोर उभ्या राहिल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. मी घरी निघायला पर्स उचलली होती.

त्यांच्या कडेवर एक वर्षाचं बाळ होतं. कारखान्यातल्या एका बाईचं. तिला दुसरं कुणी नाही म्हणून पाळणाघर बंद असतानाही बाई त्याला आपल्या घरी सांभाळतात. ती आई घ्यायला आलीच नाही, वाट बघून शेवटी बाळाला घेऊन निघाल्या, बस चुकली. हे सगळं त्या सांगत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, एकोणीस मिनिटांचं काय एवढं.

मी तेच वाक्य दोन वर्षं त्यांच्या दारात गिळलं होतं. मी नोंदवही उघडली, वेळ लिहिली, पुढे लाल शाईने लिहिलं, उशीर, एकोणीस मिनिटं, नमुना नाकारला. त्यांना सही करायला लावली. बाळ कडेवर असल्याने त्यांना पेन नीट धरता येईना, तरी मी नुसती बघत थांबले. बाळाला तहान लागली होती म्हणून मी त्याला आमच्या गाळणीचं पाणी पाजलं. बाईंनी स्वतःसाठी मागितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गोड लागलं का म्हणशील, तर लागलं. बसमध्ये उभी राहून सुद्धा हसत होते.

घरी पोचले तेव्हा शिंपीणकाकू दोघांना आमच्या घरात बसवून दारात उभ्या होत्या. त्यांना एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं, माझ्यामुळे अडकल्या. आत गोटू माझी जुनी चप्पल मांडीवर घेऊन बसला होता, ती लपवून उपयोग काय, मी घरातच नव्हते. आणि आक्का पाळणाघर खेळत होती. ती बाई झाली होती. कपाटाच्या दारावर तिने रेघ मारून रकाना केला होता आणि त्यात लाल खडूने, सुबक अक्षरात, आई लिहिलं होतं. पुढे आकडा सदतीस, रोजच्यापेक्षा तेवढी मिनिटं मला उशीर झाला होता. तो तिला मी शिकवला नव्हता, घड्याळावरून तिने काकूंना विचारून घेतला म्हणे. खडू कुठून आणलास विचारलं तर म्हणाली तुझ्याच कोटात होता.

बाई आज सकाळी प्रयोगशाळा उघडायच्या आधी दारात उभ्या होत्या, ताजी बाटली घेऊन, बाळासकट. मी बाटली घेतली, वेळ निळ्या शाईने लिहिली. आत बोलावून खुर्ची दिली आणि दोन पेले पाणी दिलं. माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. खडू मात्र परत दिला. त्यांनी तो पदराला बांधला, पाणी स्वच्छ निघालं तर सोमवारी पाळणाघर उघडेल, फळ्यावर त्याचं काय करतील ते तेव्हा कळेल.

कपाटाचं दार मी अजून पुसलेलं नाही. आज घरी पोचल्यावर आक्काने त्या सदतीसखाली बोटाने काहीतरी लिहिल्यासारखं केलं, खडू नव्हता म्हणून. मी विचारलं नाही काय ते.

ताई, लोभ असावा, आणि माझ्या पत्रांना उशीर झाला तर मिनिटं मोजू नयेस ही विनंती.

तुझी,
धाकटी