वाकड्या ताडाची खूण

उरण, ११ नोव्हेंबर २०२४

ती. रेवाआत्यास किशोरीचा शि. सा. न. वि. वि.

महत्त्वाचे फोनवर बोललेले तुला खपत नाही, आणि माझ्या फोनवर सध्या भावेशदादाचा कान असतो. म्हणून हे पत्र शेजारच्या मनिषाच्या डब्याच्या पिशवीतून पाठवते आहे. ती रोज पनवेलला नोकरीला येतेच. शुद्धलेखन नंतर तपास, आधी वाच.

गेल्या मंगळवारी भावकीतल्या या भावेशदादाने भाऊच्या धक्क्यावरून एका म्हाताऱ्याला घरी आणले आणि बाबा परत आले म्हणून दारातूनच ओरडून सांगितले. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या बोटीबरोबर वादळात बुडालेले बाबा! माणसाचा एक डोळा पांढरा झाला आहे, दात पडले आहेत, बोलण्यात निम्मे हिंदी. तो म्हणतो की डोक्याला मार लागला, परमुलखातल्या तुरुंगात वर्षे गेली, नावही उशिरा आठवले, पण मी आनंदाच हाय, तुझा बाप. मला त्याने बाय म्हणून हाक मारली. बाबा तशीच मारत; पण इथले सगळेच बाप तशी मारतात.

ते गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. आठवते ती जाळ्यावर वाकलेली त्यांची पाठ, चेहरा फोटोतलाच. आई असती तर एका नजरेत तिने सांगितले असते. ती गेल्यापासून नऊ वर्षे बोट मी चालवते. आता भावेशदादा म्हणतो की बाप जिवंत असताना पोरीने मालकीण म्हणून मिरवायचे नाही; शनिवारी जेटीवर सर्वांसमोर कागद बाबांच्या नावे कर. म्हणजे बोट कोणाच्या हाती जाईल, हे तुला सांगायला नको. रक्ततपासणीचा विषय काढला, तर बापाकडे पुरावा मागणारी पोर पहिल्यांदा पाहिली, असे तो चारचौघांत म्हणाला. शिवाय निकाल शनिवारच्या आत येतही नाही.

मला भीती वाटते, आत्या. तो म्हातारा ओटीवर बसून माझ्याकडे बघत राहतो. खोटा असेल तर घरात चोर शिरला आहे. खरा असेल तर मी बापाला चोर ठरवते आहे. त्यांची सख्खी बहीण तू एकटीच उरलीस. पनवेल काही लांब नाही. एकदा येऊन बघ.

माझ्यावरचा लोभ येताना बरोबर आण.

तुझी,
किशोरी


पनवेल, १३ नोव्हेंबर २०२४

चि. किशोरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळाले. ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका आहेत. घाबरल्याची सबब मी विद्यार्थ्यांचीही कधी ऐकली नाही.

जिच्यावर मी सात वर्षे पुस्तक लिहिते आहे, ती फ्लँडर्सची काउंटेस जोन नेमकी तुझ्याच जागी उभी होती. तिचा बाप बाल्डविन धर्मयुद्धावर गेला तेव्हा ती तान्हीच म्हणायची. तो परतला नाही, आणि काउंटी, म्हणजे एक अख्खा श्रीमंत परगणा, वारशाने तिच्याकडे आला. १२२५ साली एक संन्यासी उभा राहिला आणि आपणच बाल्डविन असल्याचे सांगू लागला. जोनचा कारभार नकोसा झालेल्या सरदारांनी आणि शहरोशहरीच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. तुझ्यापुढे एक भावेश आहे. तिच्यापुढे हजारो होते. शेवटी फ्रान्सच्या राजाने त्या माणसाला प्रश्न केले, की सरदारकीची दीक्षा तुला कोठे मिळाली, लग्न कोठे लागले. त्याला उत्तरे देता आली नाहीत. तो पळाला, पकडला गेला, आणि जोनने त्याला फाशी दिली.

धडा स्पष्ट आहे. चेहरे फसवतात, उत्तरे फसवत नाहीत. आपल्या जाळ्याची समुद्रातली जागा किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणल्या की सापडते, आणि ती रेषा घरचा माणूस घरच्यालाच दाखवतो. आनंदाने ती तुला दाखवली. शनिवारी सर्वांसमोर तीच विचार. तत्पूर्वी खरे उत्तर लिहून बंद पाकिटात दुसऱ्या बोटीवरच्या विठू तांडेलापाशी ठेव, म्हणजे नंतर कोणास वाद घालता येणार नाही.

माझे येणे शक्य नाही. गुडघा दुखतो, आणि सोमवारी प्रकाशकाला तळटीपा द्यायच्या आहेत. शिवाय डोळ्यांची साक्ष मी पुरावा मानत नाही.

आशीर्वाद आहेतच, ते ताठ मानेने घे.

तुझी आत्या,
रेवा


उरण, १७ नोव्हेंबर २०२४

ती. रेवाआत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न लागू पडला. बोट माझीच राहिली. मग हे पत्र मी दोनदा फाडून पुन्हा का लिहिते आहे, ते तूच सांग.

जेटीवर सारा पाडा जमला होता. मी विचारले. त्याने डोळ्यांवर हात धरून कर्नाळ्याकडे बघितले. मग म्हणाला की कर्नाळ्याच्या सुळक्याचा अंगठा वाकड्या ताडाच्या शेंड्यावर बसला की नांगर टाकायचा. विठूने पाकीट फोडून वाचले: कर्नाळ्याचा अंगठा, द्रोणागिरी डोंगराचा उजवा खांदा. लोक हसले. मासळीवाली ठमाबाई ओरडली की ताड कुठं हाय रं, कंटेनरच्या डोक्यावर? खरेच आत्या, आता बंदराचे कंटेनर रचलेल्या त्या किनाऱ्यावर मी कधी ताड पाहिलेला नाही, माझ्याच वयाच्या विठूनेही नाही; आणि तिकडे जाळी टाकणारे जुने कोणी आता उरलेले नाहीत. सर्वांआधी हात झटकले ते भावेशदादाने. तोही बिचारा फसलाच म्हणे.

म्हातारा भांडला नाही. बोट नको होती, नुसतं घर पायजे होतं, एवढे म्हणाला, आणि पनवेलच्या एसटीत बसवून द्या म्हणून विनवू लागला. विठूने बसवून दिले. जाताना त्याने माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि मी मागे सरले.

जोनला त्यानंतर झोप लागली का? तुझ्या तळटीपांत असेल तर कळव.

लोभ कमी करू नकोस. आज त्याची फार गरज आहे.

तुझी,
किशोरी


पनवेल, १८ नोव्हेंबर २०२४

चि. किशोरीस आशीर्वाद.

फोन तीनदा लावला. तू समुद्रावर आहेस, लागत नाही. म्हणून लिहिते. मनिषा समोर उभी आहे.

त्या किनाऱ्यावर ताड होता. मी नऊ वर्षांची होते, आनंदा सहाचा. आमच्या बापाने आम्हां दोघांना होडीत बसवून हीच खूण दाखवली होती. आनंदाच्या लग्नाआधी ताड वादळात पडला, तेव्हा त्याने द्रोणागिरीची नवी रेषा बसवली; तुला दाखवली ती. डोके फुटलेल्या माणसापाशी पहिले शिकलेले तेवढे उरले. ताडाची ती खूण साऱ्या जगात दोघांनाच ठाऊक होती, आणि त्यांतली एक मी असूनही प्रश्न काढताना मी उत्तर एकच धरले.

गुडघ्याचे कारण खोटे होते. मी आले असते तर त्याला ओळखले असते, आणि मला भीती वाटत होती ती ओळखण्याचीच. वीस वर्षांपूर्वी त्याच्या नावाने आंघोळ करून मी मोकळी झाले होते.

जोनला झोप लागली की नाही, याची नोंद नाही. तिने आपल्या बापालाच फासावर चढवले, असे लोक पुढे कित्येक वर्षे म्हणत राहिले. त्या वाक्यापुढे मी माझ्या हाताने ‘निराधार’ असे लिहिले आहे. तळटीपा आज पाठवलेल्या नाहीत.

आता राहिले ते सांगते. शनिवारी संध्याकाळी वॉचमनने खालून कळवले की एक म्हातारा रेवाताई इथेच राहतात का म्हणून विचारतो आहे. या घरी राहायला आले तेव्हा पहिली मासळी आनंदानेच आणून दिली होती. घर त्याला ठाऊक होते. मी संदर्भ जुळवत बसले होते. खिडकीशीही न जाता, त्याला घालवून दे, असे सांगितले. वॉचमन म्हणतो की तो एसटी स्टँडच्या दिशेने गेला. त्याला आज दोन दिवस झाले.

मी स्टँडवर निघाले आहे. पत्र मिळताच तूही ये. बोट तुझीच राहील. भावेशला ते मी सांगेन. मात्र आनंदा भेटला, तर त्याला कोणी काहीही विचारायचे नाही.

लोभ मागायला आज तोंड नाही. असेल तेवढा त्याच्यासाठी ठेव.

तुझी आत्या,
रेवा