दादाच्या पिशवीतली माझी तलवार

आई,
दादाला कान्हे स्टेशनवर पोलिसांनी पकडलंय. मर्दानी खेळाच्या क्लासवरून माझी तलवार तो घरी आणत होता. मीच म्हटलं होतं, "आण की, लाजतोस काय?" धार नाही तिला, तरी नऊ इंचांवरचं पातं असं न्यायला परवाना लागतो म्हणे. आमच्या सरांनीही कधी सांगितलं नाही.

तो तिथे सांगतोय, "तलवार माझीच आहे." त्याला धड लाठी फिरवता येत नाही गं. आणि पुढच्या महिन्यात त्याची पोलीस भरती.

शेजारच्या शैलाकाकूंना घेऊन चौकीत जातेय. खरं काय ते मीच सांगणार. बाबांनाही मीच सांगेन. कोणाला पटलं नाही, तर तिथेच फिरवून दाखवीन.

अश्लेषा