नावापुढची खूण

४ मार्च, सोमवार
आज पुन्हा आलं! ह्यांच्या फोनवर, ह्यांच्या नावाने. 'आदरणीय डॉक्टर, या शोधनिबंधाचे सहलेखक आपणच ना? कृपया होकार कळवा.' खाली निळं बटण. त्या नियतकालिकाच्या संगणकाला कोण सांगणार, की डॉक्टर हिवाळ्यातच गेले?

बाकी सगळ्यांनी ह्यांना 'कै.' करून टाकलं — बँकेने तर दुसऱ्याच आठवड्यात! हे एकच पत्र अजून ह्यांची वाट बघतं. मीही बघते.

११ मार्च
आलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

१३ मार्च
ह्यांची शेवटची विद्यार्थिनी आली. निबंध तिचा आणि ह्यांचा, शेवाळावरचा. (जन्मभर शेवाळाकडे बघितलं, त्याच्या निम्मं माझ्याकडे बघितलं असतं तर!) चहाच्या कपाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "काकू, सरांचा होकार नाही म्हणून निबंध अडकलाय. आला नाही तर माझी नेमणूक हुकेल."

"अगं, मग कळवायचं ना, सर गेले म्हणून!"

"कळवलं की नावापुढे खूण करतात, खाली 'दिवंगत' लिहितात. हात धजत नाही हो."

दोघी रडलो.

१४ मार्च
बटण दाबून टाकावं, असं फार वाटलं. पण ती ह्यांची खोटी सही झाली. एक आकडा चुकला तर ह्यांना जेवण जायचं नाही! शेवटी ह्यांच्याच पत्त्यावरून लिहिलं — 'माझे यजमान गेले. खूण करा. मुलीचं काम अडवू नका.'

लगेच उत्तर. 'आदरणीय डॉक्टर, आपले पत्र मिळाले.' हसू की रडू!

२ एप्रिल
निबंध आला. नुसता पडद्यावर, कागद नाहीच. ह्यांच्या नावापुढे बारीकशी फुली. तिच्यावर बोट ठेवलं, तर पानच सरकलं.

८ एप्रिल
सोमवार. काही आलं नाही. फोन तरी चार्ज केला. फार आठवण येते.

१९ एप्रिल
फोन वाजला! पत्र होतं, कुठल्याशा परक्या मुलीचं. 'सर, तुमचा निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. आमच्या कॉलेजला परवडत नाही. प्रत पाठवाल?' फुलीचा अर्थ तिला कळला नसावा. विद्यार्थिनीला विचारलं. "लेखकाने एखादी प्रत दिली तर चालते, काकू," म्हणाली.

पाठवली. खाली लिहिलं — ते नाहीत. मी आहे. लागेल ते मागत जा.