व्हँकुव्हर ते मुरबे, मधे एक रविवार

ति. काशीआत्यास, कॅनडातल्या मासळीच्या कारखान्यातून दर्पणचा इथूनच पाया पडून नमस्कार. तुझा गुडघा कसा हाय? बोयसरच्या डॉक्टरचं तेल लावतेस की नुसतं बाटलीकडं बघतेस? (स्नेहा, आत्याला वाचून दाखवताना काही गाळू नको.)

आत्या, मुरब्याच्या किनाऱ्यावर नाकासमोर बघितलं की कॅनडा, असं मी गावभर सांगून आलो होतो. ते खोटं नाय, जरा वाकडं हाय. अंतर सव्वाबारा हजार किलोमीटर, पण विमान नाकासमोर जातच नाय, वर उत्तरेला बर्फाच्या मुलखावरून वळसा घेतं. मी खिडकीतून खाली बघून पायलटला रस्ता नीट माहीत हाय का, असं हवाईबाईला विचारलं. तिनं मला पाणी दिलं. तरी आता मला या रस्त्याची खडान्‌खडा माहिती झाली हाय. दिल्लीला विमान बदलून अख्खा एक दिवस लागतो.

म्हणून माझ्या आणि पूर्वीच्या साखरपुड्याला यायचं तिकीट मी स्वतः काढलं, कुणाला विचारलं नाय. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी रात्री मुंबई, रविवारी सकाळी नवीन शर्ट. हिशोब पक्का. फक्त इथलं घड्याळ तिकडच्यापेक्षा साडेतेरा तास मागं चालतं, हे तिकिटावर कुणी मोठ्या अक्षरात लिहीत नाय. तिकीट मोठ्या ऐटीत पूर्वीला पाठवलं. तिचा लगेच फोन. म्हणाली, "तू रविवारी दुपारी उतरतोस. सकाळी अंगठी मी कोणाला घालू, पाटाला?"

तिकीट बदलून मिळत नाय. मनोरला गाड्या तुंबल्या नाय तर चारपर्यंत मी मुरब्यात. पण पूर्वीचे वडील, जानू तांडेल, बोट घेऊन आठ-आठ दिवस समुद्रात. रविवार एकच दिवस बंदरात, आणि दुपारच्या भरतीला परत बाहेर. संध्याकाळी साखरपुडा करा म्हटलं तर म्हणाले, "बोट जावयासाठी थांबत नाय." वर सातपाटीच्या सुजितचं स्थळ अजून उभं हाय, हेही ऐकवलं. मी घाबरलो नाय. बाकी सगळं ठीक. सर्वांना नमस्कार.

तुझा भाचा,
दर्पण

ता. क. : मासळी ठेवायच्या बर्फाशिवाय बोट निघत नाय, आणि तांडेलांचा बर्फ आपल्या रूपेशच्या टेम्पोतून येतो. त्या रविवारी टेम्पो बोयसरला जरा बिघडू दे. पाणी उतरलं की बोट निघत नाय, मग दुरुस्त होऊ दे. पुढची भरती मध्यरात्रीनंतर, तोवर अंगठ्या आणि जेवण दोन्ही उरकेल.

ता. क. २ : युक्ती माझी म्हणून सांगणार होतो, पण ती पूर्वीनं काढलेली हाय. तिच्या बापाला कळू देऊ नको.

ता. क. ३ : मध्यरात्रीपर्यंतही मी दिसलो नाय तर बर्फ देऊन टाक, बोट जाऊ दे. मी नाय पोचलो तर सुजितला हो म्हणशील का, असं मी पूर्वीला विचारलं होतं. म्हणाली, "मी काय भरती हाय, उतरून जायला?"