कंस बंद होईपर्यंत

मी, शंकरप्पा मल्लिनाथ हत्तुरे, वय त्रेसष्ट, धंदा शाळांच्या प्रश्नपत्रिका संगणकावर जुळवणे, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. मी घाबरलेलो आहे. पण घाबरणे म्हणजे भ्रमिष्ट होणे नव्हे, हे साक्षीदारांनी ध्यानात घ्यावे. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "थोडा वेळ हृदय थांबवू, मग परत सुरू करू." ते सहज बोलले.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी महादेवी हिला. देवयानी, बाळा, तुझा हक्क आईनंतर. तिला फ्लॅट विकायला लावू नकोस.

२. दुकान, संगणक, प्रिंटर व त्यांवर झाकायची चादर पुतण्या शिवू याला. हे लिहिताना मन कचरते. त्याचा हात जलद आहे, पण अपूर्णांक तो एका ओळीत आडवा टाकतो : x + 1 / x − 2. यात छेद कुठून सुरू झाला? विचारले तर म्हणतो, "काका, पोरं घेतात की समजून." नाही घेत, शिवू. परीक्षेला बसलेले पोर आधीच भेदरलेले असते. मला आज ते जास्त कळते.

३. अट एकच : आमची वाचनाची पद्धत मोडू नये. महादेवीला गणित येत नाही. तरी लग्नापासून प्रत्येक पेपर ती शाळेच्या गुरुजींच्या हस्तलिखितावरून मोठ्याने वाचते आणि मी छापील प्रतीवर बोट ठेवून ताडून पाहतो. ती "कंस सुरू" म्हणते. कंस संपतो तिथे मी "बंद" म्हणायचे. मी गप्प राहिलो की ती पुढे सरकत नाही. "अवो, झोपलाव का? कंस उघडा पडलाय की!" शिवूने वाचायला तिलाच बसवावे आणि तिच्यापुढे घाई करू नये.

४. दहावीच्या सराव परीक्षेचा गणिताचा पेपर तिसऱ्या प्रश्नापर्यंतच वाचून झाला आहे. तिथे मला धाप लागली. चौथा प्रश्न वाचल्याशिवाय पेपर छापू नये; शाळेतून कितीही फोन आले तरी.

५. मेहुणे बिरप्पा माझ्या कामाला जन्मभर "टिंबं मारायचा धंदा" म्हणाले. त्यांना काही नाही. भेटायला आले तर चहा द्यावा.

६. शस्त्रक्रियेनंतर महादेवीला माझ्याजवळ सोडावे, ही डॉक्टरांना विनंती. तिने कानाशी "कंस सुरू" म्हणावे आणि थांबावे. तोंडात नळी असली तर मी बोट हलवीन. बोट हलले की हा कागद फाडून टाकावा.

नाही हलले, तर महादेवी, फार वेळ उभी राहू नकोस. तूच "बंद" म्हण. मग घरी जाऊन शिवूला समोर बसव. चौथा प्रश्न राहिला आहे.

सही : शंकरप्पा म. हत्तुरे
सोलापूर, १५ जानेवारी २०२५

सही आमच्यासमोर झाली.
साक्षीदार :
१. पृथ्वीराज माने, शेजारी
२. ज्ञानू कोळी, दुकानाशेजारचा पंक्चरवाला