घंटेवरची जागा बाबांचीच

३ मार्च, सोमवार
डोकं फिरलंय. बॉक्सिंग क्लबमधला बाबांचा फोटो उतरवायचा म्हणतात!
रिंगच्या घंटेवरची ती भिंतीवरची जागा म्हणजे ज्याला कुणाचा ठोसा लागत नाही त्याची. पोरं रिंगमध्ये चढण्याआधी त्या फोटोला ग्लोव्ह टेकवून मग चढतात. मला आठवतंय तेव्हापासून. अख्ख्या बेलफास्टमध्ये असा मान कुणाला नाही. आता म्हणे तिथे त्या पोरातल्याच कॅहल टोनरचा. का, तर मँचेस्टरला जाऊन विजेतेपदाचा पट्टा जिंकून आला. डेसी कोच म्हणाला, डिम्पना, असा बचाव मी जन्मात बघितला नाही. मी म्हटलं, तुझा जन्मच उशिरा झाला, त्याला मी काय करू.
बावीस तारखेला मतदान. चहा ओतता ओतता सगळ्यांना ऐकवून आले, उद्यापासून पोरांच्या हाताच्या पट्ट्या लाँड्रीत नेऊन धुणार नाही. बसा वास घेत.

४ मार्च
पट्ट्या धुतल्या. मशीनमध्ये जागा होती म्हणून. याचा अर्थ काही नाही.

६ मार्च, गुरुवार
कॅहलचा सराव मुद्दाम नीट बघितला. हात खाली, कमरेपाशी. बसची वाट बघत उभा असल्यासारखा. समोरचा ठोसा मारतो, हा मागे कलतो. परत मारतो, हा परत कलतो. ह्याला बचाव म्हणतात? ही तर टाळाटाळ. जुनी माणसं ठोशासमोर उभी राहून ठोसा चुकवायची. ग्लोव्ह कसले, नुसतं चामडं. हल्ली उशा बांधून येतात आणि वर पळतात.
बाबांची पद्धत वेगळी. डोकं फक्त एवढंसं हलवायचं, डावीकडे. बास. माझ्या बाबांना, ह्यूई मलग्रूला, कुणी हात लावू शकलं नाही. नाक मोडलंय ते शेडच्या दाराने. बाबांनी स्वतः आईला सांगितलं होतं, माझ्यासमोर. डावा कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झालाय तो गोदीतल्या थंडीने.
डेसी त्या कानाकडे बघून हसतो. निर्लज्ज.

९ मार्च, रविवार
जेवताना बाबांना सगळं सांगितलं. ब्याऐंशी वय, ऐकू कमी येतं. म्हणाले, कोण कॅहल? चांगला आहे का? मी ओरडले, नाही! म्हणाले, मग फोटो कशाला लावतायत? मी म्हटलं, तेच तर! म्हणाले, बटाटा आहे का अजून.
धक्का बसलाय. दाखवत नाहीत.

११ मार्च
ठरवलं. वाद नको, त्या पोराला खरी विद्याच शिकवून टाकू म्हणजे आपणहून लाजेल. कॅहलला क्लबच्या जिन्यात गाठलं. हात वर, हनुवटी आत, डोकं एवढंसं डावीकडे. चार वेळा करून घेतलं. म्हणाला, मावशी, थँक्यू. माझी पिशवीसुद्धा खालपर्यंत आणून दिली. गोड बोलतो. मतं अशीच मिळतात.

१३ मार्च, गुरुवार
कॅहलचा ओठ फुटला. सरावात. म्हणाला, मावशी, तुमच्या बाबांचं ते डावीकडचं केलं. विचारलं, हात वर होते? होते. डोकं एवढंसंच हलवलं? एवढंसंच. मग तुझं डोकंच मोठं आहे. हल्लीच्या पोरांची असतातच. त्या पावडरी पिऊन.
बर्फ लावून दिला. डेसी म्हणाला, डिम्पना, तू मतदानाआधी उमेदवारच मारणार की काय. त्याच्याशी बोलणं बंद. शनिवारपर्यंत तरी.

१७ मार्च, सोमवार
सेंट पॅट्रिकचा दिवस. लाँड्री बंद. सगळं शहर हिरवं होऊन दारू पितंय आणि मी माळ्यावर. पण सापडली! बिस्किटाच्या डब्यात, बाबांच्या लढतीची फिल्म. काकाने रिंगजवळ बसून स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेली. साठ वर्षांत कुणी बघितली नाही. उद्या फोटोच्या दुकानात देते. मग बघू कोण कुठे टांगतंय ते.

२० मार्च
दुकानदाराने पेनड्राइव्हवर करून दिली. घरी एकटीने बघितली.
बाबा! वीज आहे वीज! डोकं इकडे, तिकडे, दिसतसुद्धा नाही. समोरचा हात नुसता वाऱ्यात फिरवतोय. डोळ्यांत पाणी आलं. रागाने.
कॅहल? कॅहलला बाबांनी पेंगता पेंगता चुकवलं असतं.

२२ मार्च, शनिवार, दुपारी
आज सहा वाजता. निळा कोट घालणार. भाषण पाठ केलंय. सुरुवात, मूर्खांनो. शेवट, आता बघा. सॉसेज रोल केलेत सगळ्यांसाठी, पण मतांसाठी नाही. बाबांनाही नेणार, पहिल्या रांगेत. डेसीचं तोंड बघायचंय.

२३ मार्च, रविवार
फिल्म दाखवायचं मशीन खराब होतं.
सुरुवातीला सगळे उठूनच उभे राहिले. कॅहल म्हणाला, मावशी, हा माणूस आहे की पाकोळी! मी डेसीकडे बघितलं. डेसी म्हणाला, थांबा जरा, पंचाकडे बघा. पंच चावी दिलेल्या खेळण्यासारखा धावत होता. मागे एक म्हातारा पाइप पेटवायचा, ओढायचा, विझवायचा, डोळा मिटायच्या आत. ट्रे घेतलेली एक बाई उंदरासारखी सुर्रकन गेली. डेसी म्हणाला, जुने घरगुती कॅमेरे हळू चालायचे, दुकानदाराने फिल्म आजच्या वेगाने पळवलीय, म्हणून सगळे धावतायत. मी म्हटलं, हात लावू नका. लावला. कॅहलनेच लावला, कॉम्प्युटरवर खाटखुट करून वेग उतरवला.
मग दोन दमलेली माणसं. पब बंद होताना दोन दारुडे एकमेकांना धरून उभे असतात तशी. बाबांचं डोकं डावीकडे गेलं. ठोसा तिथेच. परत डावीकडे. परत तिथेच. आधीच पत्ता दिल्यासारखा.
कुणी हसलं नाही. त्याचाच जास्त राग आला. हसले ते बाबा. मांडीवर थाप मारून, मोठ्याने. तो बघ, तो बघ! तिथेच गेला कान! मी ओरडले, कान थंडीने गेला! म्हणाले, थंडीने कसला, जुलै होता. मी म्हटलं, आणि नाक? म्हणाले, दाराचं होय? ते तुझ्या आईला सांगायचो गं, नाहीतर मला लढू देत नव्हती ती.
मी विचारलं, मग घंटेवर फोटो का लावला तुमचा? म्हणाले, तिथलं प्लास्टर पडलं होतं. डेसीच्या बापाकडे त्या मापाची तेवढीच एक फ्रेम होती.
आणि कॅहलसाठी पहिला हात त्यांनीच वर केला! खाली येताना जिन्यात दम लागला म्हणून थांबले. म्हणाले, चुकवायला मला कधीच जमलं नाही, डिम्पना. पण मी पडत नव्हतो.
मी मत बाबांना दिलं. एकच पडलं.
सॉसेज रोल मात्र सगळे संपले.

२५ मार्च, मंगळवार
कॅहलचा फोटो लागला. लहान आहे! दोन्ही बाजूंनी भिंतीतलं भोक दिसतंय. प्रत्येकाला बोट लावून दाखवलं.
बाबांचा फोटो कॅहल घरी घेऊन आला. देण्याआधी त्याला मूठ टेकवली. मला दाखवायला केलं असणार. तरी चहा दिला. दोन कप प्यायला.

२६ मार्च
फोटो स्वयंपाकघरात लावायचा ठरवलं, किटलीच्या वर. खिळा मीच ठोकला. पक्का. मागे सरकून बघायचं, तर मी खालीच उभी राहून बघत होते. भिंतीत दोष आहे. खिळा निघाला, फ्रेम सुटली. मी घाबरले नाही. हात वर, हनुवटी आत, डोकं एवढंसं डावीकडे. अगदी बाबांसारखं.
बाबांनी चमचा खाली ठेवला आणि ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, अगदी बरोबर! अस्संच!

२७ मार्च, गुरुवार
डोळा काळानिळा. लाँड्रीत सगळ्यांनी विचारलं काय झालं.
सांगितलं, दार लागलं.